दालन तुमचं

इलारियानं परवा म्युझियमातलं दालन सोडलं. कॉफीला गेली. बदलीवालं माणूस यायच्या आत गेली. मी हटकलं तर मलाच म्हणते, "नेरेओ काका, पुतळे काय पाय लावून पळणार आहेत?"

तिथं मी गप्प बसलो. माझ्या पेन्शनला आठ महिने उरलेत, आणि आजकालच्या पोरांवर आवाज चढवला की ती थेट वर तक्रार करतात. पण शनिवारी संध्याकाळी तिला आणि तिच्याबरोबर नव्यानं लागलेल्या दावीदला घेऊन मी पठारावर गेलो, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या अंगणात. वर्षातले थोडेच दिवस तो घरची वाइन विकतो. उकडलेली अंडी, हॅम, आणि ती काळपट लाल वाइन. खाली त्रिएस्तेचे दिवे, त्यापुढे नुसता काळा समुद्र. अंधार चांगला पडू दिला. मग म्हटलं, आता ऐका, आणि मध्ये तोंड घालायचं नाही.

"भुताची आहे का?" इलारिया.

"तुलियोची आहे."

"कोण, तो? कुणाशी बोलत नाही तो? मला वाटलं मुकाच आहे."

"अंडं खा."

आमचं म्युझियम म्हणजे कप्तान देस्कोविचचं घर. गडी आयुष्यभर चीन-जपानच्या बोटींवर होता. मिळेल ते विकत घेतलं, काही उचललंही असेल, मला काय माहीत. पोरबाळ नव्हतं. मरताना सगळं शहराला देऊन गेला. तळमजल्यावर चिनी मातीची भांडी. मधल्या मजल्यावर बुद्धाची डोकी. नुसती डोकी, धडं तिकडंच राहिली. आणि वर तिसऱ्या मजल्यावर एकच लांब दालन. त्यात जपानी चिलखतं आणि एक चिनी पलंग, नवरानवरीचा. पलंग कसला, लाकडाची खोलीच ती, छपरासकट. लोक तिकीट काढतात, सव्वा तासात अख्खा आशिया बघून खाली येतात आणि आम्हाला विचारतात, संडास कुठं आहे.

आम्हा राखणदारांचा नियम एकच. मी लागायच्या कितीतरी आधी एक हस्तिदंताचं माकड गेलं, अंगठ्याएवढं. बदलीच्या वेळी गेलं. हा म्हणाला तो होता, तो म्हणाला हा होता. तेव्हापासून जाणारा म्हणतो, "दालन तुमचं." येणारा म्हणतो, "घेतलं." ते "घेतलं" कानावर पडेपर्यंत जाणाऱ्यानं जागचं हलायचं नाही. लघवी तुंबून डोळ्यांत पाणी आलं तरी नाही. आणि एकदा "घेतलं" म्हणालात की ते तुमच्या गळ्यात, पुढचा कुणी घेईपर्यंत. कागद नाही, सही नाही. चौतीस वर्षं मी हेच बोलतोय. बायको सुपाचं ताट पुढं ठेवते तेव्हा माझ्या तोंडून "घेतलं" निघतं. ती म्हणते, तुला वेड लागलंय.

तर तुलियो.

त्या दुपारी तुलियो जेवणाच्या सुट्टीत आईसाठी लोकरीचे मोजे आणायला गेला होता. २०१७ साल, जानेवारीची सतरा तारीख, मंगळवार. बोरा वारा सुटून तिसरा दिवस. चौकाचौकांत दोर बांधलेले, धरून चालायला. स्कूटरी आडव्या. माशांच्या बाजारात एकही दुकान उघडं नाही. मोज्यांच्या दुकानातली बाई शटर अर्धं खाली ओढून आत बसली होती, त्यानं खालून वाकून पैसे दिले.

आई त्याची टेकडीवरच्या इस्पितळात होती. एर्मिनिया. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, जिभेनं माझ्यापेक्षा वाईट. हृदय दमलेलं. डॉक्टरीणबाईंनी सोमवारी सांगून टाकलं होतं, आजची नाहीतर उद्याची रात्र, कुणीतरी जवळ असू द्या. कुणीतरी म्हणजे तुलियोच. लग्न नाही, भाऊबहीण नाही.

म्हातारीला मरणाचं काही नव्हतं. तिला एकटीनं मरायचं नव्हतं. नवरा बोटीवर भट्टीत कोळसा ओढायचा, तो त्याच इस्पितळात एकटा गेला होता, पहाटे. ही तेव्हा खाली थांब्यावर पहिल्या बसची वाट बघत उभी होती. चाळीस वर्षं तिला ती बस खात होती.

सोमवारची रात्र तुलियो बसून राहिला. मंगळवारी सकाळी तिनंच त्याला हाकललं.

"जा कामावर. तुझं तोंड बघून मला आणखी आजारी वाटतंय."

"रजा घेतो, आई."

"दिवसा मी मरत नाही. दिवसा इथं खूप गडबड असते. रात्री ये."

"आठच्या आत येतो."

"ये हां तुलियो. एकटी ठेवू नकोस."

"नाही ठेवत."

एवढं बोलणं झालं. हे मला तुलियोनंच सांगितलं, एकदाच, आणि पुन्हा कधी विचारू नकोस म्हणाला.

वाऱ्यामुळं त्या दिवशी आमच्यातले निम्मेच आले होते. मीही नव्हतो, माझ्या छपराची कौलं उडाली होती. म्युझियमात तुलियो आणि कात्या, दोघंच. कात्या तेव्हा नवी होती. घरी चार वर्षांची पोर, शेजारणीकडं ठेवलेली. पाहुणे म्हणाल तर दिवसभरात अकरा. शेवटचे दोघं उदिनेहून आलेले नवराबायको. चिलखतातला माणूस लघवीला कसा जात असेल यावर वर अर्धा तास वाद घातला आणि न ठरवताच खाली गेले. कात्यानं त्यांना बाहेर काढलं. खालची भांड्यांची दालनं बंद करायला घेतली. तुलियो तिसऱ्या मजल्यावर खिडकीची बाहेरची झडप ओढायला थांबला.

पावणेसहा वाजले होते. बाहेर पूर्ण रात्र.

ती झडप तुम्ही दोघांनी ओढलीय, तुम्हाला माहीत आहे. अर्धं अंग बाहेर काढावं लागतं. त्यात बोरा. एका हातानं चौकट धरलेली, दुसऱ्यानं झडप. पाठ दालनाकडं. डोळ्यांत धूळ.

मागून कुणीतरी म्हणालं, "दालन तुमचं."

मोठ्यानं नाही. आपण सगळे दिवसाच्या शेवटी म्हणतो तसं. दमलेल्या आवाजात.

तुलियो झडपेशी झटत होता. त्यानं वळूनही पाहिलं नाही. म्हणाला, "घेतलं."

कडी बसली. वारा बाहेर राहिला. मग तो वळला.

कुणी नव्हतं.

दाराजवळची आपली खुर्ची. ती जराशी मागं सरकलेली. माणूस उठला की सरकते तेवढी.

"कात्या?" त्यानं हाक मारली. कात्या खाली होती. तिच्या किल्ल्यांचा आवाज खालून येत होता. त्याला वाटलं, वाऱ्यानं कानात काहीतरी भरलं. आदल्या रात्रीची झोप नव्हती. त्यानं खिशातले मोजे चाचपले, दिवा मालवला, दारातून बाहेर पडला आणि जिना उतरायला लागला.

बावीस पायऱ्या. वळण. पुन्हा दार.

दारातून आत पाय टाकला, तर डाव्या हाताला चिलखतं. समोर पलंग.

"चुकून वर गेला असेल," दावीद म्हणाला.

"तिसऱ्याच्या वर काय आहे?"

"छप्पर," दावीद म्हणाला.

तुलियो दारातच उभा राहिला. मग पुन्हा बाहेर. कठडा धरून. या वेळी पायऱ्या मोजत. बावीस. वळण. दार. चिलखतं. पलंग. खुर्ची.

तिसऱ्यांदा तो पळत गेला. गुडघा आपटला. उठला तो दालनातच.

फोन काढला. कात्याला लावला. रिंग नाही, काही नाही, नुसता वारा. इस्पितळात लावला. वारा. खिडकीकडं गेला. कडी निघाली, पण झडप हलेना. बाहेरून बोरा तिच्यावर बसला होता. फटीतून रस्ता दिसत होता. एक बाई दोर धरून चालली होती, टोपी दातांत. त्यानं हाक मारली. फटीला तोंड लावून ओरडला. बाई निघून गेली.

माणूस आपल्यासारखा, फार शिकलेला नाही. पण चोवीस वर्षांची नोकरी. त्याला कळायला वेळ लागला नाही. आपण "घेतलं" म्हणालो. आता कुणीतरी घेतल्याशिवाय...

तो दालनाच्या मधोमध उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "दालन तुमचं."

कुणी बोललं नाही.

चिलखतांसमोर जाऊन म्हणाला. पलंगाच्या आत डोकं घालून म्हणाला. खुर्चीला म्हणाला. मग हात जोडून म्हणाला, "आई आहे माझी वर टेकडीवर. आज रात्री जाणार आहे ती. मला फक्त तिथं बसायचंय. उद्या येतो. शपथ. उद्यापासून रोज घेतो."

काही नाही. काचा तेवढ्या थरथरत होत्या.

साडेसहाला जिन्यावर पावलं वाजली. बॅटरीचा उजेड आला. मागं कात्या.

ती दारात येऊन उभी राहिली. तिच्या पाठीमागं जिना दिसत होता. खरा जिना. खाली जाणारा, भिंतीवरच्या आगीच्या बंबासकट. तुलियोनं तिच्याकडं पाऊल टाकलं. आणखी एक टाकलं. ती होती तेवढीच लांब राहिली.

"झोपलास काय रे?" कात्या म्हणाली. "खाली मी पुतळ्यासारखी उभी आहे. फोन का उचलत नाहीस? आणि तोंड का असं झालंय, पिठासारखं?"

"आत येऊ नको."

"का? काय फोडलंस?"

"काही नाही. तिथंच थांब."

"तुला आईकडं जायचंय ना? बस बंद झाल्यात, चालत जावं लागेल. सव्वा तास तरी लागेल या वाऱ्यात. अजून काय राहिलंय वर? झडप? बंद तर दिसतेय." तिनं बॅटरी फिरवली. "बरं, असं कर. दे हे दालन मला. मी बघते काय राहिलंय ते. तू पळ."

दोन शब्द.

दोन शब्द बोलायचे होते. कात्याचं "घेतलं" जिभेवर तयार होतं, आपल्या सगळ्यांच्याच असतं. तिला कळलंही नसतं. तो बावीस पायऱ्या उतरला असता. आठच्या आत टेकडीवर. आईशेजारी.

त्यानं तोंड उघडलं. "दाल..." एवढं बाहेर पडलं.

"हां, बोल ना."

तो थांबला. मला म्हणाला, नेरेओ, मी ते आवरलं म्हणू नकोस, ते घशात अडकलं. मी म्हटलं, मरू दे, तुझं तुला माहीत.

"पोर कुणाकडं आहे?" त्यानं विचारलं.

"शेजारणीकडं. सातला आणायचीय. का?"

"जा तू."

"आणि तुझी आई?"

"कात्या... तू जाशील तिच्याकडं? नुसती बस. उद्या सकाळपर्यंत."

"मी? अरे पोरीला काय समुद्रात टाकू? असं काय करतोस? तुझी आई आहे, तू जा! पाय मोडलेत का तुझे?"

"निघ इथून!" तो ओरडला. "निघ! जा घरी!"

कात्याला राग आला. कुणालाही येईल. "मर तिकडं," म्हणाली. "बाजूच्या दारानं जा, तुझ्याकडं किल्ली आहे. वॉर्डात फोन करून सांगते, उशीर होईल म्हणून. तेवढं तरी करते." बॅटरी वळली. पावलं खाली गेली. मोठं दार लागलं. त्याचा हादरा वरपर्यंत आला.

तो धावला. बावीस. वळण. दार. पलंग.

मग तो खुर्चीवर बसला.

इलारियानं ग्लास खाली ठेवला होता. शेतकऱ्यानं अंगणातला मोठा दिवा विझवला, वीज वाचवायला, कंजूस आहे तो. मी म्हटलं, राहू दे तसाच.

आठ वाजले. आठ कसले, आठ वाजून गेले. ती दाराकडं बघत असेल, एवढंच त्याच्या डोक्यात. इस्पितळातल्या दाराला वर काच आहे. त्या काचेकडं बघत असेल. आला का. आला का.

आठ दहाला फोन थरथरला. निरोप. कात्याचा. तो मी तिच्या फोनवर माझ्या डोळ्यांनी वाचलाय, तिनं तो अजून पुसलेला नाही.

"वॉर्डात फोन केला. नर्स म्हणाली मुलगा आलाय, पावणेसहापासून बसून आहे. मग मी वर कुणाशी भांडले?"

त्यानं उत्तर लिहिलं. गेलं नाही. पुन्हा लिहिलं. गेलं नाही. मग फोनच बंद पडला.

अंधार.

पावणेसहापासून.

कोण बसलंय?

तो उठला. दार. जिना. दालन. पुन्हा. पुन्हा. भिंतीवर मुठी आपटल्या. सालटी निघाली. ती एकटी नाही. कुणीतरी आहे. कोण आहे? तिला काय करतोय? ती काय समजतेय? ती त्याच्याशी बोलत असेल. माझं नाव घेऊन.

ओरडला. वारा मोठा होता.

मग ओरडायचाही थांबला.

बसला. पाठ ताठ. हात गुडघ्यांवर. आपण बसतो तसा. दुसरं काय करणार. दालन घेतलं होतं. चिलखतांकडं बघत बसला. अंधारात ती दिसत नव्हती. तरी बघत बसला.

एक वाजला असेल.

तीन.

...

आणि पहाटे वारा थांबला. एकदम. तीन दिवसांचा वारा, आणि कुणी कडी लावावी तसा. इतकं शांत, की आपलंच रक्त ऐकू येत होतं.

खुर्चीच्या मागं. अगदी मागं.

"घेतलं."

यानं दिलं नव्हतं. रात्रभर कुणी घेतलं नव्हतं, म्हणून यानं द्यायचंही सोडून दिलं होतं. त्यानं आपणहून घेतलं. तोच दमलेला आवाज. आणखी दमलेला.

तुलियो उठला. मागं बघितलं नाही. आपल्या मागं खुर्ची करकरली, कुणीतरी बसलं, तरी बघितलं नाही. दारातून बाहेर. बावीस पायऱ्या. वळण. खाली बुद्धाची डोकी. आणखी खाली भांडी. बाजूचं दार. थंडी.

रस्ते बर्फानं काचेसारखे झालेले. दोनदा पडला. टेकडी चढून वॉर्डात पोचला तेव्हा सात वाजायला आले होते.

रात्रपाळीची नर्स कोट चढवत होती, सोमवारची नव्हे, दुसरीच. तिनं विचारलं, "आपण कोण?"

"मुलगा. एर्मिनियाबाईंचा."

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "मुलगा होता की रात्रभर. पहाटे गेला. म्हणजे... त्या गेल्यावर. पाच वीसला."

तुलियो भिंतीला टेकला.

"एकट्या नव्हत्या हो," नर्स म्हणाली. तिला वाटलं, हा धाकटा असेल, उशीर झाला म्हणून रडतोय. "असा बसणारा माणूस मी पाहिला नाही. एक शब्द नाही बोलला. पाण्याला हात लावला नाही. मी म्हटलं, टेका जरा, मी लक्ष ठेवते. मान हलवली नुसती. बाईंवरून नजर म्हणून काढली नाही. मधे एकदा त्या जाग्या झाल्या. म्हणाल्या, आलास का रे? त्यानं कोटाची बाही पुढं केली, ती धरून झोपल्या. शेवटपर्यंत सोडली नाही."

"दिसायला कसा होता?"

नर्स बोलायला गेली आणि थांबली. "कोट होता. जुना, निळा. चेहरा..." तिनं कपाळाला हात लावला. "रात्रभर समोर होता हो माझ्या. आश्चर्य आहे."

"कोण होता काका तो?" इलारियानं विचारलं.

मला काय विचारतेस. तुलियोला मी विचारलं नाही, आणि तो हल्ली कुणाशी बोलतच नाही. बदलीच्या वेळी नुसता हात वर करतो. साहेब लोकांनी दोनदा ताकीद दिली, दोन्ही वेळा हात वर केला.

मी एवढंच सांगतो जे मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या प्रार्थनाघरात म्हातारीला ठेवलं होतं. मी फुलं घेऊन गेलो. डावा हात छातीवर, उघडा. उजव्याची मूठ. नर्सनं ती उघडायचा प्रयत्न केला होता, मग अंत्यविधीवाल्या माणसानं केला, मग तुलियो म्हणाला, राहू द्या. मी वाकून पाहिलं. बोटांच्या फटीत पितळेचं बटण होतं, बाहीला असतं तसलं छोटं, शहराच्या चिन्हातला भाला कोरलेलं. आपल्या गणवेशाच्या कोटांना चेन आहे. मी लागलो तेव्हाही चेनच होती, बटणं त्याच्याही आधीची.

बटणाला निळा दोरा होता, आणि दोऱ्याबरोबर कापडाचा तुकडा, नखाएवढा. उसवलेला नाही. कुणीतरी उठून जाताना दुसऱ्यानं सोडलं नाही, तर फाटतो तसा फाटलेला.